प्लेटलेटच्या प्रथिनांनी काचेवर पेशी कशा चिकटवाव्यात

पेशी काचेला धरत नाहीत. काचेवर आधी बसलेल्या प्रथिनांच्या थराला धरतात. प्लेटलेट उद्दीपित झाल्या की त्यांच्या अल्फा कणिकांतून (आतल्या सूक्ष्म पिशव्यांतून) फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशी प्रथिने बाहेर पडतात, आणि त्यांतील आर्जिनिन, ग्लायसिन व अस्पार्टिक आम्ल या सलग तीन अमिनो आम्लांची खूण पेशीवरचे इंटिग्रिन, म्हणजे पकड घेणारी प्रथिने, ओळखतात.

नैतिक समितीच्या परवानगीने रक्तपेढीतून तपासणी झालेली प्लेटलेटची पिशवी घ्यावी. ती २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलवत ठेवावी लागते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जात असल्याने पिशवी बर्फावर आणण्याचा मोह होतो. आम्ही एकदा तसेच केले आणि प्लेटलेट वाया घालवल्या, कारण थंडीने त्यांचा चपटा आकार बिघडतो. चांगली पिशवी उजेडासमोर धरून हळूच फिरवली, तर आत रेशमासारख्या चमकत्या लहरी दिसतात. आमच्या त्या पिशवीत नुसता गढूळपणा होता. म्हणून तापमान राखणारा डबा वापरावा.

प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) राहिला तर थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारे व प्लेटलेट उद्दीपित करणारे विकर, घालताच गुठळी होते, म्हणून प्लेटलेट गोठणे रोखणाऱ्या सायट्रेटयुक्त बफरने (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणाने) नीट धुवाव्यात. मग कॅल्शियमयुक्त बफरमध्ये थ्रॉम्बिन घालून ३७ अंशांवर १० मिनिटे ठेवावे, हिरुडिन या थ्रॉम्बिनरोधकाने ते निष्प्रभ करावे आणि सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ द्रव घ्यावा. हा द्रव कव्हरस्लिपवर (काचेच्या पातळ चकतीवर) ३७ अंशांवर तासभर ठेवून धुवावा. उरलेली मोकळी जागा १ टक्का अल्ब्युमिनने, म्हणजे पेशी ज्याला धरत नाहीत अशा प्रथिनाने, झाकावी.

सर्वांत जास्त जपावे लागते ते पुढे. वाढवलेल्या पेशी भांड्यावरून ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने सोडवल्यावर ते थांबवण्यासाठी सवयीने सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) घातले जाते, पण सीरममध्येच फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असल्यामुळे पेशी कोणाच्या प्रथिनांवर बसल्या हे मग सांगताच येत नाही. त्याऐवजी सोयाबीनपासून मिळणारा ट्रिप्सिनरोधक वापरावा आणि पेशी सीरमविरहित माध्यमात लेप दिलेल्या कव्हरस्लिपवर सोडाव्यात.

सोबत दोन कव्हरस्लिप आणखी असाव्यात: एकीवर केवळ अल्ब्युमिन, दुसरीवर प्लेटलेट प्रथिनांचा तोच लेप, पण त्या तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) मिसळलेल्या पेशी. पेप्टाइडमुळे चिकटणे घटले, तर ही पकड इंटिग्रिनचीच असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. अर्ध्या तासाने कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेल्या बफरने, धार पेशींवर न सोडता कडेने ओतून, कव्हरस्लिप धुवाव्यात आणि लगेच पेशी मोजाव्यात.