थर दोन झाले, रंग मात्र हलेना: धातू-आयनांच्या निष्कर्षणात या चुका टाळा

पाण्यातला धातू-आयन न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रावकात ओढून घ्यायचा, म्हणजे निष्कर्षण. सेपरेटिंग फनेल (खाली तोटी असलेलं थर वेगळे करायचं काचेचं भांडं) खळाखळा हलवलं, स्टँडवर लावलं, थर छान वेगळे झाले, पण रंग पाण्यातच बसून राहिला. सगळा वर्ग बघतोय. अशा वेळी हात आपोआप पुन्हा फनेलकडे जातो: अजून थोडं हलवून बघू. बहुतेक वेळा याचा उपयोग होत नाही, कारण दोष हलवण्यात नसतो, पाण्याच्या थरात असतो.

कोबाल्टचंच घ्या. पाण्यात हा आयन पाण्याचे सहा रेणू अंगाभोवती घेऊन बसलेला असतो, वर दोन धन प्रभार. पाण्यावर तरंगणाऱ्या अमाइल अल्कोहोलच्या थरात त्याने जावंच कशाला? थायोसायनेट मिळालं की पाणी सुटतं, चार थायोसायनेट धरलेला निळा कॉम्प्लेक्स (जटिल आयन) बनतो आणि तो वर चढतो. पण पाण्यात हा कॉम्प्लेक्स फारसा टिकत नाही. म्हणून चिमूटभर थायोसायनेटने भागत नाही. पाणी गुलाबीच दिसत असेल तर घन अमोनियम थायोसायनेट सढळ हाताने घाला. अमाइल अल्कोहोल संपलंय म्हणून ॲसिटोन वापरणारेही भेटतात. निळा रंग झकास येतो, पण ॲसिटोन पाण्यात मिसळतं, मग थर कुठले दाखवणार? निळ्याऐवजी लालसर छटा आली तर कोबाल्टच्या क्षारात लोहाचा अंश आहे. सोडियम फ्लुओराइडने तो झाकता येतो, पण आम्लात फ्लुओराइड घालणं धोक्याचं. वर्गात सरळ शुद्ध क्षार घ्यावा, असं माझं मत.

लोहाच्या प्रयोगात वेगळीच गंमत होते. ईथरमध्ये जातं ते लोह (३), म्हणजे तीन धन प्रभारांचं, तेही सुमारे ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लातून. फेरस (दोन धन प्रभारांच्या लोहाचं) सल्फेट घेतलं किंवा आम्ल पातळ ठेवलं, तर तासभर हलवा, काही होणार नाही. फेरस असेल तर आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडीकरण करावं लागतं. आणि ईथर म्हणजे आसपास एकही ज्योत नको. खरं तर वर्गासाठी मी ईथर टाळेन.

तांब्याचं निष्कर्षण केरोसीनमधल्या हायड्रॉक्सीऑक्झाइमने (तांबे-आयनाला पकडणारं संयुग) करत असाल तर पीएचवर नजर ठेवा. प्रत्येक तांबे-आयन वर जाताना दोन हायड्रोजन आयन पाण्यात सोडतो. त्यामुळे सुरुवात दणक्यात होते आणि मग आम्लता वाढून प्रयोग स्वतःच अडतो. पीएच फारसा बदलू न देणारं ॲसिटेट बफर घातलं की काम होतं. घाईत सोडियम हायड्रॉक्साइड जास्त पडलं तर निळसर अवक्षेप दोन थरांच्या मधोमध तरंगतो आणि त्यालाच लोक इमल्शन (थर वेगळे न होता राहिलेलं दुधट मिश्रण) समजतात. उलट बाजूचा प्रयोग मात्र चुकवू नका: त्याच केरोसीनवर सुमारे २ मोलर सल्फ्युरिक आम्ल घालून हलवलं की तांबं परत पाण्यात उतरतं.

खरंखुरं इमल्शन झालंच तर फनेल शांत उभं ठेवा, थोडं मीठ विरघळवा, काचेच्या कांडीने हळूच ढवळा. पुढच्या वेळी दणादण हलवण्याऐवजी उलटसुलट करा. दर दोन-तीन वेळा फनेल उलटं धरून, नळी चेहऱ्यांपासून दूर ठेवून, तोटी उघडा आणि दाब सोडा. खालचा थर काढताना वरचं बूच काढायला विसरलात तर धार मध्येच थांबते. तोटीला दोष देऊ नका.

कोणता थर कशाचा, हे पाठांतरावर सोडू नका. क्लोरोफॉर्म (घनता १.४९) खाली बसतो, केरोसीन वर तरंगतं. शंका आली तर पाण्याचा एक थेंब टाका. तो ज्या थरात मिसळून जाईल तो पाण्याचा.

शेवटची चूक द्रावकाच्या हिशोबाची. वितरण गुणोत्तर (धातूची द्रावकातली संहती भागिले पाण्यातली संहती) ४ असेल, तर १०० मिलि द्रावणातून १०० मिलि द्रावकाने एकदाच काढल्यावर २० टक्के धातू मागे राहतो. तेच द्रावक २५ मिलिच्या चार हप्त्यांत वापरलं तर ६.२५ टक्के. हा फरक फळ्यावर मांडण्याऐवजी मागे उरलेल्या पाण्यांच्या दोन परीक्षानळ्या शेजारी धरा, रंगातच दिसतो. नंतर कोबाल्ट आणि द्रावक सिंकमध्ये नको, झाकणाच्या कचरा-बाटलीत.