हॉवर्थियाला पाणी घालण्याआधी

डोंबिवलीत आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, ग्रिलमध्ये, हॉवर्थियाच्या चार कुंड्या आहेत. गडद हिरव्या टोकदार पानांवर पांढऱ्या आडव्या पट्ट्या असलेलं हे मुठीएवढं झाड. नर्सरीवाले त्याला झेब्रा म्हणतात.

माझं पहिलं झाड जुलैत गेलं. सासूबाई रोज तुळशीला पाणी घालताना शेजारच्या ह्या कुंडीलाही मायेनं घोटभर घालायच्या. पानं वरून ताठ होती. एकदा धूळ पुसायला हात लावला, तर अख्खं झाड हातात आलं. खाली एकही मूळ नाही, बुडखा पिवळट, लिबलिबीत, आणि कुजका वास. फार वाईट वाटलं. म्हणूनच हे लिहितेय.

हॉवर्थिया मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, आपल्या कोरफडीच्याच कुळातलं. तिकडे ते खडकांच्या, झुडपांच्या आडोशाला वाढतं. पाणी पानांत साठवतं आणि ते उडून जाऊ नये म्हणून पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं. माती कोरडी पडली तर त्याचं काही बिघडत नाही. ओली राहिली की मुळं कुजतात.

नर्सरीतून आणलेलं झाड बऱ्याचदा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. आपल्याकडच्या दमट हवेत हा भुसा कितीतरी दिवस वाळत नाही, त्यामुळे माती बदलाच. मी एक वाटी बागेची माती, एक वाटी जाड रेती आणि एक वाटी वाटाण्याएवढे विटांचे तुकडे घेते. रेती आणि तुकडे आधी चाळून पूड काढून टाकायची, नाहीतर सगळं घट्ट बसतं. कुंडी मातीची, चार इंची, तळाला भोक असलेली. भोक नसलेल्या कपात लावू नका, कितीही गोंडस दिसला तरी. कुंडी बदलल्यावर चार-पाच दिवस पाणी द्यायचं नाही. तुटलेली मुळं सुकू द्यायची.

पाण्यासाठी वार ठरवू नका. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी धुऊन कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसा, मिनिटभर ठेवा, बाहेर काढा. काडी ओलसर लागली किंवा माती चिकटून आली तर थांबा. कोरडी आली तर भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीतलं ओतून टाका. पानांच्या मधोमध पाणी साचू देऊ नका. माझ्याकडे उन्हाळ्यात आठवड्यानं पाणी लागतं, थंडीत दहा-बारा दिवसांनी. पावसाळ्यात कधी कधी तीन आठवडे काडी ओलीच येते. पानं पातळ होऊन आत वळली तर झाड तहानलेलं आहे, पाणी दिल्यावर ती पुन्हा भरतात. मऊ पडलेली पानं मात्र सुधारत नाहीत.

ऊन सकाळचं, कोवळं. दुपारच्या उन्हात पानं लालसर-तपकिरी होतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडनं टिपून घ्या, आठवड्यानं पुन्हा बघा.

बुडाशी पिल्लं फुटली की घाई करू नका. स्वतःची मुळं धरलेलं पिल्लूच वेगळं करा, दोन दिवस सावलीत सुकवा, मग लावा. माझ्या चार कुंड्यांपैकी तीन अशाच झाल्या.

आता तुळशीची पूजा झाली की सासूबाईच कुंड्यांत काडी घालून बघतात आणि तिथूनच हाक मारतात, "ओली आहे गं अजून!"