नाकतोडे खायचेत? मग आधी हे वाचा
पहिली गोष्ट, ज्यांना कोळंबी किंवा खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी किडे खाऊच नका, अ‍ॅलर्जी करणारं प्रोटीन दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं. दुसरं म्हणजे शेतातून पकडलेले नकोत, फवारणी कधी झाली कुणाला माहीत, खाण्यासाठी पाळलेलेच घ्या आणि भडक रंगाचे तर अजिबात नको.

जिवंत आणले तर एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे पोट साफ होतं, मग डब्यात घालून रात्रभर फ्रीजरमध्ये. नंतर डोकं हळूच ओढलं की आतडं सोबतच बाहेर येतं, पंख काढा आणि मागचे पाय तर नक्कीच काढा, त्यावर करवतीसारखे बारीक काटे असतात ते घशात टोचतात, आतड्यातही अडकू शकतात, इथे आळस खरंच नको.

मग धुवून पाच मिनिटं चांगले उकळा, कच्चे कधीच नाही, नुसतं भाजून सगळे जंतू मरत नाहीत. निथळून कोरड्या तव्यावर मंद आचेवर परता, रंग लालसर झाला आणि हलवताना खुळखुळ आवाज आला की झाले, मीठ, तिखट, लिंबू. चव थोडी सुक्या कोळंबीसारखी, थोडी शेंगदाण्यासारखी, मला फार आवडते. रातकिड्यांनाही हीच पद्धत. पहिल्यांदा दोन-तीनच खा आणि दिवसभर थांबून बघा.