धाब्याचं जुनं घर कसं सावरावं: खानदेशातल्या घरासाठी कामाचा क्रम

सासऱ्यांचं घर अमळनेर तालुक्यात, बोरीकाठच्या एका गावात आहे. सहा वर्षं त्याला कुलूप होतं. उघडलं तेव्हा मधल्या खणात (दोन तुळयांमधल्या भागात) धाब्यातून, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या सपाट मातीच्या छतातून, मातीची धार लागली होती आणि मागच्या भिंतीला कमरेएवढा ओलावा चढला होता. भेटेल तो एकच सांगे, "पाडा आणि स्लॅब टाका." आम्ही दोघांनी तो सल्ला मानला नाही. कारण मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ वर असताना त्याच घरात दुपारी नुसत्या चटईवर झोप लागते. स्लॅबच्या घरात रात्री बारापर्यंत छत तापलेलं असतं.

तुमच्याकडेही असं घर असेल, तर आम्हाला जे आधी कळायला हवं होतं ते इथे सांगते. बहुतेक घरं पैशाअभावी बिघडत नाहीत, कामाचा क्रम चुकल्याने बिघडतात. आमचाही चुकला होता.

कागद आणि वही

घर वडिलोपार्जित असेल तर खर्चाआधी वाटण्यांचा विषय मिटवा. बहीण-भावंडं हक्क सोडणार असतील तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत करा. तोंडी शब्दावर लाखो रुपये भिंतीत घालू नका. गावात लोक "आठचा उतारा" म्हणतात तेव्हा कोणता ते विचारा. तलाठ्याकडचा आठ-अ शेतीच्या खात्याचा असतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ घराच्या कराचा. नमुना ८ वर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका काढून हद्द ताडून घ्या. शेजाऱ्याची आणि तुमची भिंत एकच असेल तर हे फार गरजेचं. भिंत उकरण्याआधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा आणि काय करणार ते सांगा.

दुसरं, नवरा-बायकोंनी मिळून एकच वही ठेवायची आणि मिस्तरीशी एकानेच बोलायचं. आम्ही दोघंही सूचना देत होतो. सकाळी ह्यांनी खिडकी ठेवायला सांगितली, दुपारी मी बुजवायला सांगितली. मजुरीचा दिवस गेला तो गेलाच, शिवाय मिस्तरीला आमच्या शब्दाचा भरवसा उरला नाही. नंतर आम्ही ठरवलं की वाद रात्री जेवताना घालायचा आणि सकाळी एकच निरोप जायचा. अंदाजपत्रकात चौथा हिस्सा वेगळा राखून ठेवा. माती उकरल्यावर आत काय निघेल ते कुणालाच आधी दिसत नाही.

कोणतं काम केव्हा

काम दिवाळीनंतर काढा. डिसेंबर-जानेवारीत धाबं, जानेवारी-फेब्रुवारीत भिंती, मार्च-एप्रिलमध्ये सुतारकाम, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत घर पावसाला तयार. भर उन्हाळ्यात गिलावा करू नका. चुना असो की माती, आपल्याकडच्या उन्हात आणि झळांत तो पकड धरण्याआधीच सुकतो आणि जाळीदार तडे जातात. नाइलाजच झाला तर ओलं गोणपाट लावून आठवडाभर दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडावं लागतं. रंग आणि फरशी दसऱ्यानंतरच. मध्ये एक पावसाळा घराला द्यायचाच.

पाहणी: आधी धाब्यावर

आमची पहिली चूक इथे झाली. भिंत ओली दिसली म्हणून आम्ही आधी भिंतीलाच हात घातला. बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. एका पावसाळ्यात त्याचे ताटाएवढे पापुद्रे सुटले आणि त्यांच्याखाली भिंतीची माती ओल्या पिठासारखी झालेली. गल्लीतल्या जिभाऊंनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पहिले धाबावर चढ, मंग भीत देख." पाणी वरून येत होतं. पन्हाळ, म्हणजे धाब्यावरचं पाणी बाहेर सोडणारी नळी, मोडून दोन फुटांची दीड वितीवर आली होती आणि तिचं पाणी थेट भिंतीवरून उतरत होतं.

म्हणून वर चढा. पन्हाळी किती, कुठे सांडतात, वर झुडूप किंवा पिंपळ उगवलाय का, माती कुठे खचलीय, ते बघा. मग खाली या आणि प्रत्येक तुळईची टोकं तपासा. तुळई मधे क्वचित सडते. ती सडते भिंतीत शिरते तिथे, कारण तिथे ओल असते आणि वारा लागत नाही. हातोडीने ठोका. सागाचं निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, आतून पोखरलेलं भद्द वाजतं. शंका आली तर स्क्रू-ड्रायव्हर टोचा. आमच्या मधल्या तुळईत तो चार बोटं आत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला भिजलेल्या काडेपेटीसारखा वास येत होता. वरून रंग लावलेला, सगळं ठीक दिसत होतं.

भिंतीला तडे असतील तर ते जिवंत आहेत की जुने, हे आधी ठरवा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि मधे पीओपीची बोटभर पट्टी लावा. दोन-तीन महिन्यांत पट्टी तुटली किंवा तडा रेघेपुढे गेला, तर घर अजून हलतंय. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, पाया तिच्यासोबत वर-खाली होतो. ओळंबा सोडून भिंतही पाहा. भिंतीला पोट सुटलेलं असेल किंवा ती उघड बाहेर झुकली असेल, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय छताची एक पाटीही हलवू नका.

धाबं हलकं करा

जुन्या घराचं मोठं दुखणं आम्हाला इथे सापडलं. दर उन्हाळ्यात धाब्यावर खाऱ्या मातीचा नवा थर टाकायची रीत आहे. ही माती पहिल्या पावसात फुगून छिद्रं बुजवते आणि पुढचं पाणी वरून निघून जातं. रीत चांगली आहे. फक्त जुना थर कुणी काढत नाही. पन्नास-साठ वर्षांत थरावर थर साचतात. आमच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीवर १४ इंच माती निघाली. म्हणजे १४० घनफूट, जवळपास दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). कोरड्या मातीचं वजन धरलं तरी सहा टनांच्या वर, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. आजोबांनी टाकलेल्या तुळया हे ओझं वाहत होत्या. सहा इंच थर पुरतो. त्याचं वजन पावणेतीन टनांच्या आसपास येतं.

माती काढण्याआधी खालून टेकू द्या. टेकूच्या खाली आणि वर जाड फळी हवी, नाहीतर तो जमिनीत रुततो किंवा तुळईत घुसतो. मग वरची माती दोन्ही बाजूंनी सारखी, पातळ थराने काढा. एका कोपऱ्यात ढीग घालू नका, आणि चार माणसं एकाच खणावर उभी करू नका. हातमोजे आणि बूट घाला, मातीत विंचू निघतात. काढलेली पांढरी माती फेकू नका, चाळून भिंतीला वापरता येते.

तुळईचं टोक सडलं असेल तर अख्खी तुळई बदलावी लागत नाही. सुतारमामांनी सडकं टोक कापून सागाचा जुनाच तुकडा तिरक्या सांध्याने, बोल्ट घालून जोडला आणि सांध्याखाली खांब दिला. तालुक्याच्या गावी पाडलेल्या घरांचं जुनं सागवान मिळतं, ते नव्या कच्च्या लाकडापेक्षा बरं. तुळई पुन्हा भिंतीत बसवताना तिच्या टोकाभोवती बोटभर हवेची फट ठेवा, चारी बाजूंनी सिमेंटने लिंपू नका. वाळवीसाठी आधी तिची मातीची नळी कुठून येते ते शोधा आणि तिथली ओल थांबवा, मग लाकडाला बोरॅक्सचं द्रावण पाजा. वापरलेलं गाडीचं काळं तेल बरेच जण लावतात. ते पेट घेतं आणि खोलीत कायम वास राहतो, मी लावू देणार नाही. लाकूड कोरडं झाल्यावर जवसाचं तेल पुरेसं आहे.

नव्याने भरताना फळ्या किंवा किलचन (लाकडाच्या बारीक चिरफळ्या), त्यावर कडुनिंबाचा पाला, मग ओलसर माती धुम्मसाने (ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकून, आणि शेवटी खारी माती. उतार दर पाच फुटांना किमान दीड इंच ठेवा. पन्हाळ भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर काढा. पत्र्याची करा, प्लॅस्टिकची उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकते.

माती काढून वर पत्रे टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पाणी थांबतं हे खरं, पण घराची भट्टी होते. पत्रे टाकायचेच असतील तर धाबं तसंच ठेवून त्यावर दोन-तीन फूट मोकळी जागा सोडून टाका, मधून वारा वाहू द्या.

खालचं पाणी

भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी दिसते, तिला आपण लोणा लागला म्हणतो. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते आणि वाळताना भिंत पोखरते. घराभोवती साचलेली माती आणि उकिरडा जोत्याच्या खालपर्यंत उकरून काढा, जमिनीला घरापासून दूर उतार द्या. मोरीचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. भिंतीला चिकटून काँक्रीटचा ओटा ओतू नका, खालची ओल मग भिंतीतूनच वर जाते. आतल्या चकचकीत टाइल्सचंही तसंच आहे. जुनी शहाबादी असेल तर काढून, साफ करून, चुन्यात पुन्हा बसवा.

भिंती

मातीच्या भिंतीला मातीच लागते, वर चुना. सिमेंट ओल आत कोंडतं, भिंतीशी एकजीव होत नाही आणि सुटतं. आधीचं सिमेंट असेल तर हलक्या हाताने छिनीने काढा आणि भिंत महिनाभर उघडी वाळू द्या.

काळी माती वापरू नका, ती तडकते. माती निवडायला काचेची बरणी पुरते. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवा. खाली वाळू बसते, मधे गाळ, वर चिकणमातीचा थर. वरचा थर एक तृतीयांशाहून जाड असेल तर वाळू मिसळा. गारा (गिलाव्याचा चिखल) करताना माती, गव्हाचा भुसा आणि शेण एकत्र भिजवून आठ-दहा दिवस कुजू द्या आणि रोज तुडवा. आम्ही दोघं सकाळी चहाआधी अर्धा तास तुडवायचो. आठव्या दिवशी गारा पायाला चिकटायचा थांबला आणि लोण्यासारखा सरकू लागला. तेव्हा तो तयार होतो.

तरी लगेच भिंतीवर थापू नका. आम्ही मागच्या भिंतीवर फूटभर चौकोनाचे चार तुकडे वेगवेगळ्या प्रमाणात लावून पाच दिवस पाहिले. भुसा कमी असलेले दोन्ही तडकले, वाळू जास्त झालेला अंगठा घासला तर भुरभुरला. चौथा टिकला. त्याचंच प्रमाण वहीत लिहिलं.

वरच्या चुन्यासाठी कळीचा (न विरवलेला) चुना आणा. भिजवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो आणि डोळ्याला कायमची इजा करतो. चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा. भिजलेला चुना गाळून किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा, मग एकास तीन वाळू घालून पातळ हात द्या.

वीज, मोरी, संडास

वायरिंग गिलाव्याआधी. दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच, एसी-गिझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. अर्थिंग नव्याने करा आणि विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच (आरसीसीबी) बसवा. लाकडाच्या घरात इथे काटकसर करू नका.

न्हाणी आणि संडास मातीच्या घराच्या पोटात बांधू नका. मागच्या अंगणात विटांचं स्वतंत्र बांधकाम करा, त्याचा पाया वेगळा, आणि जुन्या भिंतीला चिकटवू नका, मधे फट ठेवा. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून शोषखड्डा भिंतीपासून जमेल तेवढा लांब हवा.

पहिला पाऊस

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला घरात हजर राहा. दोघांनी खोल्या वाटून घ्या आणि हातात खडू ठेवा. जिथे थेंब पडेल तिथे छताला गोल करून तारीख लिहा. आमच्या पाच ठिकाणी खुणा झाल्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर धाब्यावर जाऊन त्या जागी खारी माती टाकून ठोकली. ऑगस्टमध्ये दोन उरल्या, पोळ्यापर्यंत एक. ती पन्हाळीच्या मुळाशी होती, पत्रा काढून पुन्हा बसवावा लागला. भिंतीवरची पेन्सिलीची रेघ मात्र होती तिथेच राहिली, म्हणून दसऱ्यानंतर आम्ही चुन्याचा पहिला हात दिला.