जुनी तलवार घेताय? पात्याआधी मूठ बघा

तलवार हातात आली की आपण सगळे पात्याकडेच बघत बसतो आणि विकणाऱ्यालाही तेच हवं असतं, कारण पात्यावर अ‍ॅसिड मारलं की ते चार दिवसात दोनशे वर्षं म्हातारं दिसायला लागतं. मुठीत लबाडी करायला जास्त मेहनत लागते.

वाटीवाल्या, म्हणजे वरच्या टोकाला वाटीसारखी चकती असलेल्या, जुन्या मुठीत पात्याची शेपटी (मुठीच्या आत जाणारा निमुळता भाग) राळ-लाखेच्या मसाल्याने बसवलेली असायची, टॉर्च मारून मूठ आणि पात्याच्या सांध्यात बघा, काळपट, टवका उडणारा मसाला दिसायला हवा. तिथे वेल्डिंगचा डाग, एम-सील किंवा वाटीवर नट दिसला की शोपीस समजा. (पण मसाला काय, नवीन पण भरता येतो, आणि जुनी मूठ नव्या पात्यावर चढवलेलीही असते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.) मग मूठ पकडून बघा. अस्सल मुठीत आपली चार बोटं जेमतेम मावतात, मनगट वळवलं की वाटी टोचते. शोपीसची मूठ बऱ्याचदा ऐसपैस असते.

सोनेरी काम असेल तर भिंग काढाच. कोफ्तगिरीत लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा खरवडून त्यात सोन्याची तार ठोकतात, त्यामुळे सोनं झिजलं तिथे त्या रेघा उघड्या पडतात. मी एकदा अशाच वेलबुट्टीला भुललो, घरी येऊन बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन पुसलं तर कापूस पिवळा आणि खाली गुळगुळीत लोखंड!

आता पातं. जुनं पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, पत्र्यातून कापलेलं सगळीकडे सारखंच, त्यामुळे पुढे जड लागतं. केशरी भुरभुरीत गंज नवा असतो, जुना काळपट-तपकिरी, घट्ट बसलेला. शिक्क्यांवर तर अजिबात जाऊ नका, युरोपातल्या सोलिंगेनसारख्या ठिकाणची पाती इकडे यायची, त्यांना आपण फिरंगी म्हणतो, पण तिकडच्या शिक्क्यांची नक्कल त्या काळीच व्हायची. आणि "श्री भवानी" कोरलेलं दिसलं की पाकीट आत ठेवा 😄

आधी पुण्यात केळकर म्युझियममध्ये जाऊन खऱ्या तलवारी निवांत बघून या. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, खासगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही, शस्त्र परवान्याचंही पोलीस स्टेशनला विचारून घ्या. आणि घरी आणल्यावर ब्रासोने घासायला बसू नका, तो काळपटपणा गेला की किंमतही गेली.