स्पॅनाकोपिटाचा तळ ओला राहू नये म्हणून

ग्रीसमधला स्पॅनाकोपिटा, म्हणजे पालक आणि फेटा चीज भरून भाजलेला पाय (pie), घरी बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. पाऊण किलो पालक बारीक चिरा, चमचाभर मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवा आणि मग मूठ-मूठ घेऊन घट्ट पिळा. एकदा पिळून झाल्यावर पुन्हा पिळा. दुसऱ्या खेपेलाही बोटांमधून हिरवं पाणी निथळतं. लाडवासारखा घट्ट गोळा वळला गेला की झालं.

त्यात कांद्याची पात, २५० ग्रॅम कुस्करलेलं फेटा, २ फेटलेली अंडी आणि मूठभर शेपू. शेपूला नाकं मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण इथे तो वगळू नका, खरा स्वाद त्याचाच. फेटा मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको.

फिलोचे, म्हणजे मैद्याच्या कागदासारख्या पातळ पोळ्यांचे, गोठवलेले पापुद्रे रात्रभर फ्रिजमध्ये सैल होऊ द्या. काम करताना ते ओलसर पंचाखाली झाका, नाहीतर पाच मिनिटांत कुरकुरीत होऊन तुटतात. ट्रेमध्ये खाली ६, मध्ये सारण, वर ६, प्रत्येक पापुद्र्यावर ब्रशने ऑलिव्ह तेल.

भाजण्याआधीच वरच्या थरांना सुरीने वड्यांच्या रेघा पाडा. वाफेला वाट मिळते, आणि नंतर कापताना चुरा होत नाही. तापलेल्या ओव्हनच्या खालच्या कप्प्यात १८० अंशांवर साधारण ४५ मिनिटं, वरून खमंग सोनेरी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावू नका.