सरकारी दवाखान्यात जाताना या चुका टाळा

नागपुरात बाळाची लस असो की आबाजींची शुगर, घरातून निघालेलं माणूस थेट मेडिकल नाहीतर मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं गाठतं. मग केसपेपरच्या रांगेतच अर्धा दिवस जातो. ही दोन्ही कामं आपल्या भागातल्या महापालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात. वस्तीतल्या आशाताईला, म्हणजे आशा आरोग्य सेविकेला विचारा, ती नेमका पत्ता सांगेल. आणि ऑटोवाल्याला नुसतं 'इंदिरा गांधी दवाखाना' म्हणू नका. महापालिकेचं इंदिरा गांधी रुग्णालय गांधीनगरात आहे आणि मेयोचं सरकारी नावही इंदिरा गांधींच्याच नावानं आहे. चिठ्ठी एकीकडची न् आपण दुसरीकडे, असं होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ लसीकरणाचा. थोडी सर्दी आहे म्हणून आई लस पुढे ढकलते आणि ती राहूनच जाते. साध्या सर्दी-खोकल्यात लस देता येते. तारीख हुकलीच, तर 'आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल' या भीतीनं घरी बसू नका. राहिलेल्या डोसपासून पुढे चालू करतात. बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि गोवर-रुबेलाची बाटली एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकतात. म्हणून सहसा बाळं एकत्र बोलावतात. कोणत्या वारी यायचं ते आधीच विचारून ठेवा, म्हणजे सिस्टरशी हुज्जत नको. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या) जागी मांडी लाल झाली, गाठ आली, तर चोळू नका, बाम तर अजिबात नको. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, तो फोडायचा नसतो. आणि लसीकरणाचं कार्ड! माहेरी बाळंतपण झालं की ते तिकडेच कपाटात राहतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

बाळंतपणासाठी सरकार देतं ते मातृवंदना योजनेचे पैसे आईच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतात. नवऱ्याचं पासबुक घेऊन गेलात, तर चक्कर वाया.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत 'आभा' आणि 'आयुष्मान' यांची गल्लत होते. आभा म्हणजे 14 अंकी आरोग्य-नोंदीचा क्रमांक. त्यावर एक रुपयाही मिळत नाही. सत्तरीपुढच्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात ते आयुष्मान वय वंदना कार्डावर, 2024च्या ऑक्टोबरपासून, उत्पन्नाची अट नाही. मात्र वय आधारवरचंच धरतात. तिथं जन्मसाल चुकलेलं असेल, तर ते आजच दुरुस्त करा. भरती व्हायच्या दिवशी आधार केंद्रात धावणं फार वाईट. हे कार्ड भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, ओपीडीच्या गोळ्यांसाठी नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी आपलं केंद्रच बरं, जुनी चिठ्ठी मात्र सोबत न्या. मे महिन्यात आबाजींना सकाळी लवकर न्या, दुपारी बारानंतर नको.

छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, तर केंद्र शोधत बसू नका. 108 लावा.